टिकलीचं घरटं आणि लोखंडी शिकंजा

माळ होता. मोठा माळ. रुईची चार झुडपं, बाकी दगड.

माळावर विहीर होती. पाण्याची नव्हे. तेलाची. खोल, खोल, खोल. तोंड मात्र बारीक. घागरीच्या तोंडाएवढं.

विहिरीवर तीन पायांचा लाकडी घोडा, म्हणजे तिवई. घोड्याला कप्पी. कप्पीवर दोर. दोराला गिरमिट. गिरमिट म्हणजे भलंमोठं लोखंडी हत्यार. लांब दांड्याचं. ते जमीन कुरतडतं. कुर्र कुर्र कुर्र.

महिनाभर काम बंद होतं. गिरमिट नुसतं लटकत होतं.

तिथं आली टिकली. टिकली म्हणजे शिंजीर पाखरू. चिमणीहून लहान. चोच वाकडी. एका जागी बसेल तर शपथ. भुर्र टुणुक, भुर्र टुणुक.

तिने गिरमिटाची कडी पाहिली. "जागा चांगली," ती म्हणाली. "इथं साप चढत नाही." गवत आणलं. सूत आणलं. कोळ्याचं जाळं आणलं. कडीला घरटं टांगलं. दिसायला कसं? मळक्या चिंधीचा बोळा. आत एक अंडं. शेंगदाण्याएवढं.

एके दिवशी टिकली फुलातला मध प्यायला गेली. आणि इकडे मिस्त्री कामावर आला.

लिंबाजी मिस्त्री. मिशा मोठ्या. चष्मा खिशात. हत्यार पुसायचं आणि चिंधी कडीलाच अडकवायची, ही त्याची सवय. त्याने कडीकडे पाहिलं. मळका बोळा दिसला. "चिंधी आहे," तो म्हणाला. दोर सोडला.

घर्र घर्र घर्र!

गिरमिट आत. कडी आत. घरटं आत. वर उरला वीतभर दांडा.

"बाकीचं जेवून सोडू," मिस्त्री म्हणाला. "मग थेट तेलात." दोर खुंटीला बांधला. छपराखाली जाऊन बसला. छपरामागे गोजाक्का रांधत होती. कामावरच्या माणसांचा स्वयंपाक तिचाच.

"अक्का, झाली का भाकरी?"

"पीठ चाळतेय. दम धरा!"

भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. टिकली परत आली. पाहते तर काय! घरटं नाही.

विहिरीत डोकावली. अंधार. तेलाचा वास. अंधारात घरटं लोंबत होतं. पण तोंड बारीक, मध्ये दांडा. टिकलीला पंख पसरता येईनात.

"भाकरी झाली की मिस्त्री जेवणार. मिस्त्री जेवला की गिरमिट तेलात. गिरमिट तेलात की घरटं तेलात! अगं बाई, अंडं गार होतंय!"

उतरवायला दोर पुरतो. वर ओढताना दोर निसटतो. तेव्हा शिकंजा लागतो. शिकंजा म्हणजे लोखंडी चिमटा. दोन दाढा, मध्ये स्क्रू. स्क्रू फिरला की दाढा आवळतात. दाढा आवळल्या की सुटत नाहीत. तो दांड्यालाच अडकवलेला होता. ढिला, गंजलेला, गप्प.

भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. टिकली शिकंज्यापाशी गेली.

"शिकंजेकाका, शिकंजेकाका, दांडा धरा. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

"आधी नीट बस," शिकंजा म्हणाला. "चुळबुळ नको. स्क्रू फिरल्याशिवाय मी धरत नाही."

"मग त्याला सांगा ना!"

"माझ्या पोटातच आहे तो. पण महिनाभर आम्ही बोलत नाही. तूच सांग."

"अक्का, झाली का भाकरी?"

"पीठ मळतेय. दम धरा!"

टुणुक. टिकली स्क्रूपाशी गेली.

"स्क्रूभाऊ, स्क्रूभाऊ, फिरा बरं. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

स्क्रू कुरकुरला. कुईं.

"फिर म्हणे! गंज चढलाय अंगावर. वळायचं म्हटलं की कंबर धरते. तेल पडल्याशिवाय मी फिरत नाही."

"खाली विहीरभर तेल आहे की."

"ते कच्चं. मला बुधलीतलं लागतं."

बुधली म्हणजे तेलाची छोटी कुपी. लांब नाकाची. ती शिकंज्यावरच्या फळीवर बसली होती. ऐटीत.

भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. टिकली बुधलीपाशी गेली.

"बुधलीताई, बुधलीताई, तेल गाळा. स्क्रू फिरेना. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

"आणि बाझ्या दाकाचं काय?" बुधली म्हणाली.

"कशाचं?"

"दाकाचं! दाकाचं!"

बुधलीचं नाक मातीने चोंदलं होतं. तिने जोरात फुस्स केलं. जरा मोकळं झालं. "नाकाचं गं! महिनाभर कुणी पुसलं नाही. नाक पुसल्याशिवाय मी गळत नाही. आणि नाचू नकोस माझ्यासमोर. चक्कर येते."

"अक्का, झाली का भाकरी?"

"गोळे करतेय. दम धरा!"

मिस्त्रीची खरी चिंधी या खेपेला खिळ्याला लटकली होती. बोटभर रुंद. काळी कुळकुळीत.

भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. टिकली चिंधीपाशी गेली.

"चिंधीबाई, चिंधीबाई, नाक पुसा. बुधली गळेना. स्क्रू फिरेना. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

"मी पुसू?" चिंधी म्हणाली. "मीच मेली इतकी मळकी. पुसलं तर नाक आणखी काळं होईल. मग बुधली मला बोलणार. धुतल्याशिवाय मी पुसत नाही. जा गोजाक्काकडे. आणि जरा स्थिर उभी राहा गं बाई!"

स्थिर कशी राहील? अंडं गार होत होतं.

"अक्का, झाली का भाकरी?"

"थापतेय. दम धरा म्हटलं ना!"

भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. टिकली गोजाक्कापाशी गेली. अक्काच्या डोळ्यांना पाणी. नाकाला काजळी. चुलीतून नुसता धूर.

"गोजाक्का, गोजाक्का, चिंधी धुवा. चिंधी पुसेना. बुधली गळेना. स्क्रू फिरेना. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

अक्काने पदराने डोळे पुसले.

"तेलाची चिंधी गार पाण्याने निघते होय? कढत पाणी लागतं. चूल पेटल्याशिवाय मी धुवत नाही. ही बया पेटली ना, तर आधी तुझी चिंधी, मग माझी भाकरी. शब्द दिला, जा."

शब्द दिला खरा. पण चूल पेटायची नाही, असंच तिला वाटत होतं. लाकडं ओली होती.

टुणुक टुणुक. टिकली चुलीपाशी गेली.

"चूलबाई, चूलबाई, पेटा बरं. अक्का धुवेना. चिंधी पुसेना. बुधली गळेना. स्क्रू फिरेना. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"

चूल धुमसली. "फुंकल्याशिवाय मी पेटत नाही."

"अक्का फुंकेल."

"अक्काचा दम संपला."

"फुंकणी फुंकेल."

"फुंकणी चिरली."

"वारा फुंकेल."

"वारा पडलाय. बघ, पान हलत नाही."

"मग कोण फुंकेल?"

"मला काय विचारतेस? मी चूल आहे."

टिकलीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. सगळे विचारून झाले. आता कुणाकडे जाणार?

"चूल पेटेना," ती हळूच म्हणाली. "अक्का धुवेना. चिंधी पुसेना. बुधली गळेना. स्क्रू फिरेना. शिकंजा धरेना. घरटं वर येईना. अंडं गार होतंय, काय करू?"



टिकलीचा जीव थाऱ्यावर राहीना. पाय थांबेनात. पंख थांबेनात. फडफड फडफड फडफड.

आणि चुलीतली राख उडाली. फुर्र!

"अगं!" चूल म्हणाली. "काय केलंस?"

"मी? काही नाही. मला बसवतच नाही."

"मग बसू नकोस. कर तेच. परत!"

फडफड फडफड फडफड. धूर डोळ्यांत गेला.

"आणखी!"

फडफड फडफड फडफड. एक ठिणगी लाल झाली.

"आणखी, पोरी, आणखी!"

फडफड फडफड फडफड फडफड फडफड!

भक्क!

चूल पेटली. टिकलीच्या शेपटीचं टोक काळं झालं. झालं तर झालं.

अक्काने चुलीकडे पाहिलं. मग टिकलीकडे. एका हातात तवा. एका हातात पाण्याचं पातेलं.

"अक्का, झाली का भाकरी?" छपराखालून हाक आली.

अक्काने तवा खाली ठेवला. पातेलं चुलीवर चढवलं.

"नाही. आधी चिंधी!"

"आधी काय?"

"चिंधी!"

"अहो, भुकेला माणूस चिंधी खातो काय?"

"पाखराला शब्द दिलाय. एक दिवस उशिरा जेवलात तर वाळून जाणार नाही. मिशा चावत बसा!"

पाणी तापलं. खदखद खदखद.
अक्काने चिंधी धुतली. खसखस खसखस. पिळली. फुलासारखी पांढरी!
टिकलीने चिंधी चोचीत धरली. भुर्र!
चिंधीने नाक पुसलं. पुसपुस पुसपुस.
"आहा! नाक!" बुधली म्हणाली आणि स्क्रूवर वाकली. तेल गळलं. टप. टप. टप.
स्क्रूने अंग सैल केलं. "हाऽऽ." स्क्रू फिरला. कुईं कुईं. गरगर गरगर.
शिकंज्याच्या दाढा आवळल्या. खट्!

शिकंज्याने दांडा धरला.

छपराखाली मिस्त्रीने कान टवकारले. "माझा स्क्रू कोण फिरवतंय?"

धप धप धप. मिस्त्री धावत आला. पाहतो तर शिकंजा घट्ट. बाजूला कुणी माणूस नाही. वर एक पाखरू. भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. ओरडून ओरडून घसा बसलेला.

"चिंधीवरून आरडाओरडा, स्क्रू आपोआप फिरतो, आज झालंय तरी काय?" मिस्त्री म्हणाला. त्याने शिकंजा हलवून पाहिला. हलेना.

विहिरीवर एक नियम आहे. शिकंज्याने धरलं असेल तर खाली सोडायचं नाही. वर ओढायचं. मिस्त्री नियमाचा पक्का. भूक बाजूला. त्याने दोर हातात घेतला.

घर्र घर्र घर्र!

दांडा वर आला. कडी वर आली. कडीला मळका बोळा.

"चिंधीच तर आहे," मिस्त्री म्हणाला. त्याने बोळ्याला हात घातला. टिकली त्याच्या अंगठ्यावर बसली आणि वाकड्या चोचीने टोचलं. टच्च!

"आई गं!"

मिस्त्रीने खिशातून चष्मा काढला. डोळ्यांवर चढवला. वाकला. गवत दिसलं. सूत दिसलं. छोटंसं दार दिसलं. दारात अंडं.

मिस्त्री हलला नाही. श्वाससुद्धा हळू घेतला.

"ही चिंधी नव्हे," तो म्हणाला. "हे घर आहे."

त्याने डोक्याची टोपी काढली.

टिकली आत शिरली. अंड्यावर बसली. अंडं गार झालं होतं का? थोडं झालं होतं. तिने पोटाखाली घेतलं. पंख मिटले. आणि बसली. पहिल्यांदाच बसली. चुळबुळ नाही, टुणुक नाही.  बराच वेळ ऊब देत राहिली.

मग पोटाखाली आवाज आला.

टक.

टिकलीने मान वाकडी केली.

टक टक.

अंड्याला चीर गेली. आतून एक चोच. मोहरीएवढी.

"मिस्त्री, झाली हो भाकरी!" अक्काने हाक मारली. "या जेवायला!"

"दम धरा!" मिस्त्री म्हणाला.

अक्का हसली. भाकरी घेऊन तीच तिकडे आली. तिघांनी मिळून पाहिलं. मिस्त्रीने, अक्काने आणि टिकलीने.

"आता गिरमिट?" अक्काने विचारलं.

"गिरमिट थांबेल."

"आणि तेल?"

"तेल कुठं पळतंय? पिल्लू उडेपर्यंत दांडा वरच."

एक दिवस गेला. दोन गेले. आठ गेले. ऊन पडलं. वारा सुटला. गिरमिट जड, शिकंजा एकटा. पण त्याने दांडा सोडला नाही. स्क्रू म्हणायचा, "काका, थकलात का?" शिकंजा म्हणायचा, "तू घट्ट बस. बडबड नको." दोघं बोलायला लागले होते.

मग एका सकाळी पिल्लू दारात आलं. पंख झाडले. फडफड फडफड. आणि उडालं. भुर्र! मागून टिकली. भुर्र टुणुक, भुर्र टुणुक. रुईच्या झुडपांकडे.

मिस्त्रीने रिकामं घरटं अलगद सोडवलं. छपराच्या वाशाला टांगलं. मगच शिकंज्यापाशी गेला.

तेव्हापासून लिंबाजी मिस्त्रीचा चष्मा डोळ्यांवर असतो. चिंधी खिळ्याला असते. बुधलीचं नाक रोज पुसतो. आणि गिरमिट आत सोडायच्या आधी तो कडीपाशी वाकतो. हाक मारतो,

"घरात कोण आहे?"

थांबतो. ऐकतो. आतून कुणी 'ओ' देत नाही.

मग गिरमिट आत जातं. घर्र घर्र घर्र.

स्क्रू फिरला, शिकंजा सुटला, गोष्ट झाली मोकळी.