सोन्याचं पाणी

नगरपालिकेचे गाळे आपल्या वडिलांनी बांधले, अशा थाटात अध्यक्ष निंबोरे बाजारात फिरत. त्यातल्या एका गाळ्यात वत्सलाबाई कासार दाढीचं सामान विकत. मंत्र्यांना वाढदिवसाला रेझर द्यायचा म्हणून अध्यक्ष चार चमचे घेऊन तिथे आले आणि सोन्याचं पाणी दिलेला पितळी रेझर त्यांनी पसंत केला.

"दादा, स्टीलचा न्या. दिसायला साधा, पण जन्मभर टिकेल," बाई म्हणाल्या.

"मंत्र्यांना स्टील? भांडी वाटतोय का मी?" अध्यक्ष गरजले. "या सोनेरीत काय खोट आहे ते सगळ्यांसमोर सांगा. पटलं नाही, तर उद्या गाळा खाली!"

बाईंनी दोन्ही रेझर शांतपणे काउंटरवर ठेवले.

"मंत्रिसाहेब रोज दाढी करणार. साबणानं हे सोन्याचं पाणी सहा महिन्यांत उतरेल. आणि ते उतरलं, की साहेब तुमची बिनपाण्यानं करतील!"

सारा बाजार खदखदून हसला. चमचेही हसले आणि मग घाईघाईने खोकले. अध्यक्षांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"स्टीलचाच बांधा," ते पुटपुटले.

"आणि गाळा?"

"तुमचाच हो, बाई! फक्त हे मंत्र्यांच्या कानावर जाऊ देऊ नका."