पाठीला माती

"मार खाऊन कुस्ती जिंकता येते व्हय, वस्ताद?"

बाळगोंडा तालमीच्या उंबऱ्यातच उभा होता. आत यायचं धाडस होईना. दाऊद वस्ताद हौद्यातली तांबडी माती फावड्यानं खालीवर करत तिच्यात ताक आणि हळद मुरवत होते. दुपार कलली होती. झरोक्यातून ऊन आत आलं होतं आणि त्यात मातीची धूळ इतकी संथ तरंगत होती, की बघता बघता डोळा लागावा.

"कुणी मारलं?"

"शिपायानं. राखीव कुरणात गवत कापायला गेलो होतो. इंग्रजाचा कायदा मोडायचा, पण हात उचलायचा न्हाई, अशी शपथ होती."

"मग?"

बाळगोंडानं मान खाली घातली. पंचक्रोशीत ज्याच्याशी हात मिळवायला कुणी धजत नाही असा हा गडी! शंभर माणसं शपथ पाळून लाठ्या खात होती. याच्यावर लाठी आली, तर यानं काय करावं? शड्डू ठोकला! वर पट काढून शिपायाला गवतात आडवा केला. पुढाऱ्यांनी याला तिथल्या तिथं घरी धाडलं.

"परवा दुसरी तुकडी निघणार," तो म्हणाला. "हात आवरणार असशील तरच ये, म्हणालेत. मला जायचंय, वस्ताद. जीव तुटतोय. पण हात ऐकत न्हाईत. आणि खरं सांगू? पडून राहून आपलं राज्य कसं मिळतं, हे माझ्या टाळक्यात शिरतच न्हाई."

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"लंगोट कस. मला चीत कर."

"तुम्हाला?"

म्हातारा सत्तरी ओलांडलेला. पण आजवर या पाठीला माती लागली नव्हती. गावातल्या पोरांना हे पाळण्यातच कळायचं म्हणा ना.

बाळगोंडानं मातीला हात लावून कपाळाला नेला आणि तो हौद्यात उतरला. सलामी झाली. हात गुंतणार, तोच वस्ताद खाली बसले... आणि सावकाश, अंथरुणावर पडावं तसे, पाठीवर आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला.

धूळ उठली. उन्हात गेली. तिथंच राहिली...

"चल, रेट."

बाळगोंडाचे हात पुढं झाले आणि हवेतच थांबले. त्याला हुंदका फुटला.

"उठा, वस्ताद! पाया पडतो. असं बघवत न्हाई मला."

"का रं? माझी पाठ लागली. तू जिंकलास."

"कसलं डोंबलाचं जिंकलो! मी तर हातसुद्धा लावला न्हाई... लाववेना."

"मग मी जिंकलो?"

"तुम्ही तर पडलाय..."

बाहेर कुठंतरी होला घुमत होता. वस्तादांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"मग हरलं कोण?"

बाळगोंडानं आपल्या हातांकडं पाहिलं. ते जड झाले होते, आणि आज पहिल्यांदाच त्याला त्यांची लाज वाटली.

"मला न्हाई कळत, वस्ताद..."

"मलाबी न्हाई," वस्ताद पडल्या पडल्याच म्हणाले. "परवा त्या शिपायाला विचारून ये."