सखाहरी ढोबळ्यांचं अनुमोदन

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गावाचं नाव मोहोरवाडी, गिरणीवाल्याचं नाव सखाहरी ढोबळे. त्याला जे सांगाल ते तो सांगितल्याबरहुकूम करायचा. एकदा पाटलीणबाई गव्हाचा डबा गिरणीत ठेवून म्हणाल्या, "मी येईपर्यंत डब्याला हात लावू नकोस रे." बाई लेकीकडे गेल्या त्या दोन महिन्यांनी आल्या. डबा जिथल्या तिथे. गव्हात किडे झाले होते. सखाहरीने त्यांनाही हात लावला नव्हता.

अशा माणसाला कोणी संचालक करेल का? मोहोरवाडीत केलं.

मोहोरवाडीत एक ऑनलाइन महाविद्यालय होतं. म्हणजे पाहायला गेलं तर काहीच नव्हतं. वर्ग नाहीत, फळा नाही, घंटा नाही. विद्यार्थी आपापल्या घरी मोबाइलवर शिकायचे आणि पदवी घ्यायचे. संचालक मंडळ मात्र होतं. त्याच्यासाठी गारेगार खोली होती, सात गुबगुबीत खुर्च्या होत्या, भिंतभर पडदा होता आणि दर बैठकीला काजूकतली होती. अध्यक्ष होते बापूसाहेब खडतरे. पाच खुर्च्यांवर त्यांचा मेहुणा, साडू, जावई, व्याही आणि व्याह्यांचा भाऊ. सातवा संचालक नात्याबाहेरचा हवा, असा वरून नियम आला. बापूसाहेबांनी गावभर नजर फिरवली. कशालाच नाही न म्हणणारा माणूस एकच निघाला.

सखाहरी तयार झाला तो बायकोसाठी. केशर अंगणवाडीत मदतनीस होती. बेचाळिसाव्या वर्षी ती याच महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पदवी मिळाली की तिला वरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीमुळे अर्जाचं हे शेवटचंच वर्ष होतं. भाकऱ्या थापता थापता ती मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि गोसावी सरांचं व्याख्यान ऐकायची. गोसावी सर एकटे अकरा विषय शिकवत. बारावा अजून सुरू व्हायचा होता, तोही तेच शिकवणार होते.

पहिल्या बैठकीआधी बापूसाहेबांनी सखाहरीला बाजूला घेतलं.

"अवघड काही नाही, सखाहरी. मी बोलून थांबलो की हात वर करायचा आणि म्हणायचं, 'माझं अनुमोदन आहे.' मग काजूकतली खायची."

"बरं," सखाहरी म्हणाला.

कोपऱ्यात सचिव टेंबुलकर वही उघडून बसले होते. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. खोलीत जे घडेल ते इतिवृत्तात लिहायचे. कुणी शिंकलं तर शिंकही लिहायचे, वेळेसकट. एक नियम त्यांना फार प्रिय होता. मांडलेल्या ठरावावर दोन मिनिटांत कुणाची हरकत आली नाही, तर तो एकमताने मंजूर. हा नियम बापूसाहेबांनीच केला होता, कारण त्यांना जेवणाला उशीर खपत नसे.

बापूसाहेब म्हणाले, "पदवीपत्रावर अध्यक्षांचा फोटो असावा."

"माझं अनुमोदन आहे," सखाहरी म्हणाला.

"तो विद्यार्थ्याच्या फोटोपेक्षा मोठा असावा."

"माझं अनुमोदन आहे."

बापूसाहेब खूश झाले. आता दरवर्षीचा एक रिवाज होता. पहिल्या बैठकीत बापूसाहेब राजीनाम्याची गोष्ट काढत. मग सगळ्यांनी नाही नाही म्हणायचं आणि बापूसाहेबांनी आग्रहाखातर राहायचं. असे ते सोळा वर्षं आग्रहाखातर राहिले होते. त्यांनी आवाज जड केला, उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "आता वय झालं. मी पायउतार व्हावं, असं मला वाटतं."

आणि थांबले.

"माझं अनुमोदन आहे," सखाहरी म्हणाला आणि काजूकतली उचलली.

खोलीत नुसता एसीचा आवाज. टेंबुलकरांचं पेन सुरू झालं होतं. सूचक बापूसाहेब, अनुमोदक ढोबळे. दोन मिनिटं भरायला दहा सेकंद उरले तेव्हा साडू भानावर आला आणि "हरकत! हरकत!" ओरडत उठला. मतदान घ्यावं लागलं. सहा विरुद्ध एक. बापूसाहेब अध्यक्षपदी राहिले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

"ढोबळे," जाताना ते म्हणाले, "वहिनींचा निकाल माझ्या टेबलावरून जातो. ध्यानात असू द्या."

घरी केशरने कपाळावर हात मारला. "अहो, कुणी चाललो म्हटलं की असं म्हणतात का? हात धरायचा आणि म्हणायचं, 'तुम्ही जाऊ नका, तुमच्याशिवाय संस्था पोरकी होईल.'"

"असं आधी सांगायचं ना," सखाहरी म्हणाला. मग गिरणी चालवता चालवता त्याने ते वाक्य पट्ट्याच्या तालावर पाठ केलं.

दुसऱ्या बैठकीत सुतवणे नावाच्या कारकुनाला उभं केलं होतं. परीक्षेचा पेपर आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाकताना तो सापडला होता. मेहुण्याने पत्र वाचलं, "सुतवणे यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे." सुतवणेने मान खाली घातली आणि म्हणाला, "चाललो मी."

सखाहरी धावत गेला. त्याने सुतवणेचा हात घट्ट धरला.

"तुम्ही जाऊ नका! तुमच्याशिवाय संस्था पोरकी होईल!"

सुतवणेला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, त्याच्या आईनेसुद्धा. त्याला हुंदका फुटला. ते पाहून व्याह्यांना भरून आलं, व्याह्यांना पाहून त्यांच्या भावाला. दोन मिनिटं कुणाच्याच तोंडून शब्द निघेना. टेंबुलकरांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं की सुतवणे यांना न जाऊ देण्याचा ठराव एकमताने मंजूर. सुतवणे दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. परीक्षा विभागातच.

बापूसाहेबांनी गिरणीत निरोप धाडला, आणखी एक चूक झाली तर निकाल राखून ठेवू. केशरचा चेहरा उतरला. तीन वर्षं तिने पहाटे उठून वह्या भरल्या होत्या. पण नवऱ्यावर ओरडून काय होणार, हे तिला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं.

"असं करा," ती म्हणाली. "बैठकीत वाईट बातमी निघाली की लोकांबरोबर रडत बसायचं नाही. टेबलावर मूठ आपटायची आणि दरडावून विचारायचं, 'हे कुणाच्या परवानगीने झालं? चौकशी झालीच पाहिजे!'"

"मूठ डावी की उजवी?"

"कुठलीही आपटा."

तिसरी बैठक तातडीने बोलावली होती. पडद्यावर गोसावी सरांचा मोठा फोटो होता. बापूसाहेबांनी आवाज जड केला. "आपले गोसावी सर काल सकाळी चहा पिता पिता आपल्याला सोडून गेले."

धाडकन आवाज झाला. काजूकतलीची बशी उडाली. सखाहरीने दोन्ही मुठी आपटल्या होत्या, चूक नको म्हणून.

"हे कुणाच्या परवानगीने झालं? चौकशी झालीच पाहिजे!"

"माझ्या तर नाही," व्याही घाबरून म्हणाले. जावई म्हणाला, "मी तेव्हा पुण्यात होतो." टेंबुलकरांनी दोन्ही जबाब लिहून घेतले.

शोकसभा तिथेच मोडली. बापूसाहेबांनी घाम पुसला आणि मुख्य विषयाला हात घातला. "सरांची सगळी व्याख्यानं आपल्याकडे भरून ठेवलेली आहेत. विद्यार्थ्यांना उगाच दुःख नको. त्यांना काही कळवू नये. सरांचे वर्ग नेहमीच्या वेळी, थेट म्हणूनच, चालू राहावेत." आणि थांबले.

"माझं अनुमोदन आहे," सखाहरी म्हणाला. एवढं तरी त्याला बरोबर जमलं होतं.

त्याने घरी सगळं सांगितलं. केशरचा हात पिठातच थांबला.

"कधी गेले म्हणालात?"

"काल सकाळी."

"मी परवा सरांना प्रश्न पाठवला होता. आज दुपारी उत्तर आलं."

"काय आलं?"

"'छान प्रश्न. असेच वाचत राहा.'" तिने मोबाइल पुसून जुनी उत्तरं काढली. तीन वर्षांची. प्रत्येक उत्तर तेच होतं. "मला वाटायचं, सर कामात असतील," ती म्हणाली.

तिला रडू आलं. सरांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण तीन वर्षं तिच्या पिठाच्या डब्याला टेकून तेच बोलत होते. मग तिने पदराने डोळे पुसले. एकच पेपर राहिला होता. तो होईपर्यंत आपण काही ऐकलं नाही, असं तिने ठरवलं आणि त्याची तिला लाजही वाटली.

"अहो, नीट ऐका. हे शेवटचं सांगते. सरांचा चेहरा समोर आला, किंवा बापूसाहेबांचा आवाज जड झाला, की मुकाट्याने उभं राहायचं. टोपी काढायची, मान खाली. कुणी काही म्हणो, दोन मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. मग 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' म्हणायचं आणि हार घालायचा. जमेल?"

"जमेल," सखाहरी म्हणाला.

चार महिने गेले. महाविद्यालयाची मान्यता संपत आली आणि तपासणी समिती आली. समितीच्या प्रमुख डॉ. विभावरी काणे. बारीक चण, मोठा चष्मा. काजूकतलीला त्यांनी हातही लावला नाही. आदर्श विद्यार्थिनी म्हणून केशरला इस्त्रीची साडी नेसवून मागे बसवलं होतं. बापूसाहेब सखाहरीच्या कानाशी लागले, "आज कुणी विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही."

"एकच प्राध्यापक अकरा विषय शिकवतात?" काणे बाईंनी विचारलं.

"फार विद्वान, मॅडम."

"भेटता येईल?"

"आत्ता ते वर्गावर आहेत. थेट. हे बघा ना." बापूसाहेबांनी बटण दाबलं.

पडद्यावर गोसावी सर आले. चष्मा सारखा करत म्हणाले, "नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो."

सखाहरी उठून उभा राहिला. टोपी काढली. मान खाली घातली.

"ढोबळे, बसा," बापूसाहेब दातांतून म्हणाले. सखाहरी हलला नाही. शेजारचे व्याही उभे राहिले, कारण शेजारचा असा उभा असताना बसून राहणं बरं दिसत नाही. मग त्यांचा भाऊ, जावई, साडू, मेहुणा. सगळे मान खाली घालून उभे. पडद्यावर सर मागणी आणि पुरवठा समजावून सांगत होते.

दोन मिनिटं झाली. "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो," सखाहरी म्हणाला आणि टोपी परत घातली. पाहुण्यांसाठी आणलेला झेंडूचा हार त्याने उचलला आणि पडद्याकडे गेला. पण पडद्याला खिळा नव्हता. बाकीचे खाली बसले, तो हार हातात धरून तसाच उभा राहिला.

"मृतात्मा कोण?" काणे बाईंनी विचारलं.

"हेच की," सखाहरी म्हणाला. "चार महिने झाले. चहा पिता पिता गेले."

"मग हे शिकवतंय कोण?"

"सरच. तसा ठराव आहे. माझं अनुमोदन होतं."

"यांचं डोकं जरा..." बापूसाहेब सुरू झाले. पण बाईंनी इतिवृत्ताची वही मागितली होती, आणि सोळा वर्षांत ती वही कुणीतरी वाचायला मागते आहे हे पाहून टेंबुलकरांना एवढा आनंद झाला की त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. बाई वाचत गेल्या. ठराव होता, सुतवणे होता, जावयाचा पुण्याचा जबाब होता. शिंकाही होत्या.

मागे केशर उभी राहिली. "मॅडम, मला सगळं ठाऊक होतं. पदवीपायी गप्प बसले, चुकलंच माझं. पण आमचं आता काय होणार? माझं हे शेवटचं वर्ष आहे."

काणे बाईंनी वही मिटली. "तुमचा पेपर जिल्ह्याच्या कॉलेजात होईल. त्याआधी महिनाभर तिथे शिकायला या. शिकवणारा माणूस समोर असेल, त्याला प्रश्न विचारा. वर्ष बुडणार नाही." मग त्या संचालकांकडे वळल्या. "या मंडळाचं काय करायचं ते मात्र आत्ताच ठरवू. जबाबदार कोण?"

सगळ्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब मुरलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ सोळा वर्षं चाललेला उपाय होता. ते सावकाश उठले. उपरण्याने डोळे टिपले. मेहुण्याला, साडूला डोळ्यांनी खुणावलं, की आता नाही नाही म्हणायची तयारी ठेवा. मग आवाज जड केला, असा जड की आजवर कधी केला नव्हता.

"सारी जबाबदारी माझी. मी पायउतार व्हावं, असं मला वाटतं."

मेहुण्याने तोंड उघडलं. साडूने हात वर करायला घेतला.

तेवढ्यात सखाहरीने टोपी काढली आणि मान खाली घातली.

व्याही उभे राहिले. त्यांचा भाऊ उभा राहिला. जावई उभा राहिला. मेहुण्याने उघडलेलं तोंड मिटलं, कारण अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही. साडूचा हात अर्ध्यावरून खाली आला. काणे बाईही उभ्या राहिल्या. केशर आधीच उभी होती. बापूसाहेब पुटपुटले, "अहो, मी जिवंत..." तर काणे बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बापूसाहेबही गप्प झाले आणि काय करावं न कळून त्यांनीही मान खाली घातली.

टेंबुलकर घड्याळाकडे पाहत होते.

दोन मिनिटं भरली. सखाहरीने डोळे पुसले. हार त्याच्या हातात होताच, आणि या वेळी खिळ्याची गरज नव्हती. त्याने तो बापूसाहेबांच्या गळ्यात घातला, सारखा केला, आणि म्हणाला, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

टेंबुलकरांनी लिहिलं, 'वेळ बारा वाजून दहा मिनिटे. हरकत नाही. एकमताने मंजूर.'