अर्धा दोर

सोमगीर महाराज खडकवणे गावी मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. चैत्र द्वादशीला गावच्या देवाला आडातल्या जिवंत झऱ्याचे पाणी लागे. ते आणायला पुजारी कमरेला दोर बांधून खाली उतरत. दरसाल नवा दोर वळायचा मान केरबाचा. बिचारा दिवसभर घायपाताचा वाख वळी. ओठांत नाम असे, पण भजनाला काही पोचत नसे.

एकादशीला पुजारी नरहरशास्त्री त्याच्या दारात येऊन कडाडले, "आज तरी हात आवर! दोर वळून कोणी वैकुंठाला गेलाय का रे?" आणि त्याला बळेच देवळात रात्रभराच्या भजनाला नेऊन बसवले.

महाराजही तिथेच बसले होते. केरबा त्यांच्याजवळ सरकला. "म्हाराज, दोर निम्माच झालाय. उद्या त्याच्यावर माणूस उतरायचाय."

महाराज म्हणाले, "काम करताना देवाला कुठे ठेवतोस?"

"पिळात. येकेका पिळाला येक नाव."

"मग भितोस कशाला?"

पण भीती काही जाईना.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबोवा गेल्या सालच्याच दोराने उतरले. निम्म्यावर गेले असतील नसतील, दोर तटकन तुटला! आडातून किंकाळी आली. त्यांच्या हाती पिंपळाचे मूळ लागले होते, पण तेही सुटत चालले होते. खाली पाणी काळेशार.

"केरबा! अरे, मला वर काढ रे!"

केरबा आपला अर्धा दोर घेऊन धावला. "पुरायचा न्हाई, म्हाराज!"

महाराज आडाच्या चौथऱ्यावर डोळे मिटून बसले होते. ते एवढेच म्हणाले, "सोड."

केरबा दोर सोडू लागला. आता शेवट येईल, आता टोक हातातून निसटेल, या धास्तीने तो हातातल्या दोराकडे पाहत होता. टोक येईना! दोर आपला सरकतच राहिला. मग खालून हिसका बसला आणि सारा गाव ओढू लागला.

शास्त्रीबोवा वर आले ते थेट महाराजांच्या पायांशी. समोर महाराजांचे तळहात दिसले. घायपाताने सोलून निघालेले, ताजे फोड आलेले! रात्रभर महाराज तर भजनात सर्वांसमोर बसले होते, मग उरलेला दोर त्यांनी वळला कधी? अहाहा, काय ती माउली!

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसता केरबाच्या हाताखाली बसलो. माझा गुरू तिकडे आहे."

केरबा अजून दोर धरून आडाच्या काठाशी उभा होता. कमरेचा दोर सोडायचेही भान शास्त्रीबोवांना उरले नाही. ते तसेच गेले आणि त्याच्या पायांवर डोके ठेवून रडू लागले.