हॉलमधले अण्णासाहेब

सांगलीतला तो फ्लॅट भाड्याने देताना घरमालक निकमसाहेबांनी एक अट घातली होती. हॉलच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची, अण्णासाहेबांची भलीमोठी तसबीर होती. ती हलवायची नाही आणि दुसरा एकही खिळा ठोकायचा नाही.

भाडेकरू हेमंतची बायको मृदुला हिचे वडील नुकतेच वारले होते. त्यांचा फोटो कपाटात साडीत गुंडाळून ठेवावा लागला, हे तिला फार लागलं. पण साहेबांशी बोलायची हेमंतची छाती होईना.

एक तारखेला साहेब रुबाबात भाडं न्यायला आले. मृदुला पुढे झाली आणि चक्क त्यांच्या पाया पडली.

"अहो, हे काय?"

"रोज दिवा लावून अण्णांच्याही पाया पडते. घरात ज्यांची तसबीर, ते माझे सासरेच. म्हणजे तुम्ही थोरले दीर. आता धाकट्या भावाकडून भाडं घ्यायचं का, ते तुम्हीच सांगा, भाऊजी."

"ते माझे वडील आहेत!" साहेब कडाडले.

"मग भाडेकरूंच्या घरी कसे?" मृदुलाने शांतपणे विचारलं.

साहेबांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं. मग ते स्टुलावर चढले, तसबीर उतरवली आणि काचेवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

"खिळा राहू द्या," दारातून ते हळूच म्हणाले. "तुमच्या कामाला येईल."

हेमंत तोंडाचा आ वासून बायकोकडे बघत राहिला. ती कपाट उघडत होती.