लिंबाजीची मोट

बोरसोंडीच्या माळावर श्रीकेवळनाथ महाराजांचा मठ होता. महाराज बोलत कमी, ऐकत फार. तिसऱ्या प्रहरी चिंचेखाली भजन होई, आणि डोळे मिटून बसलेल्या महाराजांकडे पाहता पाहता माणसाला आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच कळेनासं होई. त्या दिवसांतली ही कथा भाविकांनी सावकाश ऐकावी.

मठाची बाग पूर्वी मोटेच्या पाण्यावर होती, आणि तीस वर्षं ती मोट लिंबाजी माळ्यानं हाकली. मोट हाकायची ती गाण्यावर. दोन कडव्यांत बैल विहिरीपासून धावेच्या उतारानं खाली जात, भरलेली मोट वर येऊन दगडी थारोळ्यात रिती होई, आणि मग 'मागं, मागं रं' या हाकेसरशी बैल पाठमोरे विहिरीकडे परतत. तिकडे वाफ्यात लिंबाजीची बायको ठकूबाई उन्हात उभी असे. एक वाफा भरला की मातीचं दारं मोडून ती पाणी दुसऱ्यात सोडी. पुढे पाणी खोल गेलं आणि मोट थांबली. थारोळ्यात चिंचेचा पाला साचू लागला.

म्हातारपणी लिंबाजीला विसर पडू लागला. आधी आठवणीतून वाटा गेल्या, मग सोयरेधायरे गेले, आणि शेवटी ठकूबाईच गेली. तिच्याच चुलीपाशी बसून तो तिला विचारी, "तुमी कोन, बाई?" परक्या बाईच्या हातचं खायचं कसं, म्हणून ताट सारून ठेवी. ठकूबाईला ते 'तुमी' फार लागे हो! फक्त भजनात त्याचा जीव थाऱ्यावर येई, आणि त्यानंतर चार घास पोटात जात. म्हणून ती रोज त्याला हाताला धरून मठात आणी. भजन सुटलं तर माणूस उपाशी मरेल, एवढं तिला ठाऊक होतं.

भजनाचे मुख्य विश्वंभरबुवा. गळा गोड, पण मानाची भूक मोठी. त्यांचा चरण संपला रे संपला की लिंबाजी ओरडे, "मागं, मागं रं!" बुवांना वाटे, हा आपल्यालाच मागं सरायला सांगतोय. लोक तोंडाला उपरणी लावून हसत. शेवटी एके दिवशी बुवांनी टाळ खाली ठेवले आणि देवाच्या दारात बैल हाकणाऱ्यानं गोठ्यात बसावं, असं चारचौघांत सुनावलं. ठकूबाईनं हात जोडले. मी शेजारी बसून गुणगुणते, म्हणजे गप राहतील, असं ती म्हणाली. त्यावर बुवा हसले. तिच्या फुटक्या आवाजापेक्षा म्हाताऱ्याचं ओरडणं परवडलं, म्हणाले. तिनं मान खाली घातली.

महाराजांनी डोळे उघडले. "बुवा, तो नेमका कुठं ओरडतो, हे कधी ऐकलंत का?"

बुवा टाळ उचलायला वाकले. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की लिंबाजी जागेवर नाही.

तो जुन्या धावेवर होता. मुठीत नसलेला कासरा धरून पाठमोरा, एक एक पाऊल, विहिरीकडे चालला होता. विहिरीचा काठ कधीच ढासळलेला. सगळे धावले. सर्वांत पुढे बुवा, आणि घाबरून तेच ओरडले, "लिंबाजी, मागं ये! मागं!" म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि पावलं भरभर मागं टाकली. काठ चार हातांवर राहिला.

"कुणी ओरडू नका," महाराज म्हणाले. मग ते ठकूबाईकडे वळले. "माय, मोट भरली आहे. आता गाणं लागतं."

ठकूबाई आयुष्यात कधी लोकांसमोर गायली नव्हती. बुवांचे शब्द अजून कानात होते. तिनं डोळे मिटले आणि त्या फुटक्या आवाजात उचललं:

"चाला रे हौश्या-मोत्या, चाला रे धावंवरी,
पाताळाची गंगामाय चढू द्या वरी."

लिंबाजी थबकला. मग तो पुढे निघाला, उतारानं खाली, विहिरीपासून दूर. ऊन पिवळं झालं होतं. पुष्कळांनी मागाहून शपथेवर सांगितलं की त्या वेळी बैलांच्या घुंगरमाळा ऐकू येत होत्या. ठकूबाई गात राहिली. पण धाव अर्धी राहिली आणि पुढचं कडवं तिला आठवेना. लिंबाजी थांबला. त्याची टाच मागं उचलली गेली.

ठकूबाईनं महाराजांकडे पाहिलं. महाराज नुसते कान देऊन होते, पण तिच्याकडे नव्हे, लिंबाजीकडे. आणि ज्याला स्वतःचं घर आठवत नव्हतं, त्यानंच पुढचं कडवं म्हटलं:

"वाफ्याकडं उनात उभी माजी ठकू,
धाव पान्या बिगीबिगी, नगं देऊ थकू."

गात गात तो धावेच्या तळाशी आला. समोर ठकूबाई उभी होती. त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मोटेच्या दिवसांत रोज विचारी तसं विचारलं, "ठकू, दारं मोडलंस का गं?"

"मोडलं, धनी," ती म्हणाली, आणि तिथंच मातीत बसून रडली.

संध्याकाळपर्यंत लिंबाजी पुन्हा विसरला, हेही सांगायला हवं. पण ताटापाशी ठकूबाईनं तेच कडवं धरलं आणि तो भाकरी कुस्करू लागला. पुढे रोज ती गाऊनच त्याला जेवू घाली.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर विश्वंभरबुवा धावेवर एकटेच राहिले होते. थारोळ्यातला पाला ओला होता. त्यांनी तो बाजूला केला, तर खाली ओंजळभर पाणी, गार. बुवांनी ते डोळ्यांना लावलं आणि येऊन महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं. "पाणी ज्यानं काढलं, त्याच्याकडे जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुवांनी ठकूबाईला आपल्या शेजारी बसवलं. पहिला चरण संपला. बुवांनी टाळ थांबवले, लिंबाजीकडे वळून मान लववली आणि वाट पाहिली.

"मागं, मागं रं!" लिंबाजीनं हाक दिली. मग बुवांनी पुढचा चरण उचलला.