गोठ्यातली शाळा

सांगतो, सांगतो. जेवून जरा पाठ टेकली की तुम्हाला गोष्ट पाहिजे. आणि थोरांनो, पोरांना पुढं ढकलून मागं पेंगू नका. तुमच्यासाठीही आहे.

फार फार मागं, कुठल्याशा राज्यात, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावात शाळा नव्हती. राजाचा हुकूम आला, तेव्हा पाटलानं शेळ्यांचा गोठा रिकामा करून दिला. पण अट घातली. "सुगी झाली की मी पोरांची परीक्षा घेणार. आलं, तर शाळा. नाही आलं, तर शेळ्या परत आत."

शिकवायला आली परगावच्या कुंभाराची थोरली लेक. पोरसवदा, पहिलंच काम. आनंद अंगात मावेना. उजाडायच्या आत तिनं गोठा सारवला, भिंतींना चुना दिला, दारात आंब्याची डहाळी बांधली. पोरं आली तशी ती बोलायलाच लागली. अक्षरं, आकडे, नद्या, तारे! श्वास घ्यायला थांबली की विचारायची, "समजलं का रे?"

"होऽऽ बाई!" सगळा गोठा गर्जायचा.

बाई हरखूनच गेली. पोरं कसली, हिरे आहेत म्हणाली. आणखी भराभर शिकवायला लागली.

सुगी संपली. पाटील येऊन खांबाला टेकून बसला. एका पोरीला म्हणाला, "पाटीवर काय लिहिलंय गं?"

"हो!"

"हो काय? वाच."

"होऽ!"

पाटील दुसऱ्याकडं वळला. "सात शेळ्यांतल्या दोन विकल्या. उरल्या किती?"

"होऽ, पाटीलबाबा!"

दाराशी जमलेलं गाव पोट धरून हसलं. पाटील हसला नाही. "शेळ्या हाका रे इकडं," म्हणाला.

बाईचं तोंड उतरलं. "पुनवेपर्यंत थांबा, पाटीलबाबा. तेव्हाही नाही आलं, तर मीच आणून बांधते शेळ्या."

पाटील गुरगुरला, पण थांबला.

बाईनं त्या पोरीला जवळ घेतलं. "कळत नव्हतं, तर हो का म्हणायचीस?"

"मोठ्यास्नी नाय म्हटलं की आय धपाटा घालती. आन् तुमी किती खुशीत असता, बाई! तुमचं मन कसं मोडायचं?"

दुसऱ्या दिवशी बाई शिकवायला बसलीच नाही. "मला शेळीची धार काढायला शिकवा," म्हणाली. कुंभाराघरी गाढवं, शेळी कुठली! पोरांनी हात कसा धरायचा ते सांगितलं.

"नाही कळलं," बाई म्हणाली.

परत सांगितलं.

"नाही कळलं!"

शेळीनं लाथ झाडली, दूध बाईच्या लुगड्यावर. पोरं हसून लोळली. पण शेवटी धार भांड्यात वाजली, तेव्हा सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकली.

मग बाईनं पाटीवर एक अक्षर काढलं, आणि गप्प बसली. कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "नाय कळलं, बाई."

"शाबास!" बाई नाचायचीच बाकी राहिली. मग काय, झुंबड उडाली. मला बी नाय! परत सांगा! आता आलं, आता आलं! पोरं सांजेपर्यंत घरी जाईनात.

पुनवेला पाटील आला. मिशीतल्या मिशीत पुटपुटत त्यानं हिशेब घातला. तीच पोरगी उभी राहिली. "नाय कळलं, पाटीलबाबा. परत सांगा."

पाटलाला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. त्यानं परत सांगितलं, मधेच अडखळला, डोकं खाजवलं. "थांब, मलाच नीट सांगता येईना की!" म्हणाला, आणि खो खो हसला. मग सावकाश, नीट सांगितलं. पोरीनं झटक्यात उत्तर दिलं. पुढं त्यानं जे जे विचारलं, त्याचं उत्तर कुणी ना कुणी दिलंच.

पाटलानं शेळ्यांना दुसरा गोठा बांधला.

बोध एवढाच: जिथं "कळलं नाही" म्हणायची भीती नसते, तिथंच पोरं शिकतात.

आणि मी "कळलं नाही" म्हणालो म्हणून मला दुसरीतून हाकलून देणारा अजून रोज समोरून जातो, माफीचं नाव काढत नाही. वरच्या आळीचा केरबा गुळवे मास्तर.